मामांच्या जिल्ह्याची चतुःसीमा

ज्यांना भेटल्यावर आपण आजवर आयुष्यात नेमके कुठे उभे होतो हेच आपल्याला ठाऊक नव्हतं असं वाटायला लागतं, अशी माणसं संतांमध्ये असतात म्हणे. माझ्या वाट्याला संत आले नाहीत, मामेसासरे आले. परिणाम तोच. त्यांच्याशी पाच मिनिटं बोलल्यावर मला माझं घर, माझं माहेर आणि माझं डोकं यांपैकी काहीच जागेवर आहे असं वाटत नाही.

माझ्या नवऱ्याचे हे सख्खे मामा. बेल्याला राहतात, म्हणजे आदिलाबादच्याही पुढे, जिथे कापसाची शेतं पैनगंगेपर्यंत जातात आणि नदीपलीकडे महाराष्ट्र लागतो तिथे. मोजणी खात्यात अडतीस वर्षं साखळी ओढून ते निवृत्त झाले. झाले म्हणजे कागदोपत्री झाले. त्यानंतर सरकारने त्यांना जमिनी मोजायला बोलावलं नाही, म्हणून ते माणसं मोजायला लागले. त्यात पहिली सापडले मी. आदिलाबादला आमच्या घरी मला बघायला मंडळी आली होती, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं विचारलं, सासऱ्यांनी नोकरीचं विचारलं, आणि कोपऱ्यात पोहे खात बसलेल्या या मामांनी एकच प्रश्न विचारला, की तुमच्या घराचं तोंड कोणीकडे. मी एम.कॉम. झालेली, पहिल्या वर्गात. मी ताठ मानेने सांगितलं, रस्त्याकडे. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि माझ्या वडिलांकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं, की वडिलांना वाटलं हुंड्याचंच काहीतरी बोलणार. नंतर कळलं, घरी गेल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, "पोरगी चांगली हाये, करून टाक. फक्त तिले एकटीले कुठं पाठवू नको." हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी समजलं. आधी समजलं असतं तर काय केलं असतं ते सांगता येत नाही.

मामा डावं-उजवं मानत नाहीत. त्यांच्या मते डावं-उजवं हे आळशी लोकांनी काढलेलं आहे, कारण माणूस वळला की तेही वळतं. त्यामुळे जेवताना ते ठेचा नैर्ऋत्येला सरकवायला सांगतात आणि भाकरी उत्तरेकडून वाढायला. मामी होत्या तोवर त्या डोळे वर न करता बरोबर वाटी सरकवायच्या. मामी जाऊन आता आठ वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि आमच्या हैदराबादच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले की त्यांचा ठेचा टेबलाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून थंड होतो. मी एकदा वैतागून म्हटलं, मामा, बोट दाखवा ना सरळ. तर म्हणाले, बोट दाखवणं हे जनावराला शिकवताना ठीक आहे. मी भाकरीचं ताट ठेवलं आणि आत निघून गेले. कोणत्या दिशेने गेले ते त्यांनीच नंतर नवऱ्याला सांगितलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. खरा जाच सुरू झाला तो माझी मुलं वाचायला लागली तेव्हा. मुलगी सानिका आता अकरा वर्षांची आहे, मुलगा ओम आठ वर्षांचा. दोघंही हैदराबादला जन्मलेली, इंग्रजी शाळेतली, आणि मामांच्या दृष्टीने ती दोघं जमिनीपासून सात मजले वर टांगलेली, म्हणजे जवळजवळ अनाथ. शहरातल्या पोरांना आपण कुठे आहोत हे माहीत नसतं, त्यांना फक्त पत्ता माहीत असतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत. यावर उपाय म्हणून त्यांनी कोडी काढली. दर बुधवारी पहाटे पाच वाजता माझा फोन किणकिणतो. बघावं तर मामांनी पाठवलेला फोटो. आखीव कागद, मोजणी खात्यातलं टपोरं बाळबोध अक्षर, वर कोड्याचा क्रमांक, खाली उत्तर दाखल करण्याची मुदत इतवार दुपारी बारा, आणि तळाशी अधोरेखित सूचना, "मोबाईल पाहू नये. माणूस पाहावा." प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलेला असतो.

त्या सूचनेने माझं आयुष्य नासवलं. कारण कोडं काय असायचं, तर तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचं गाव कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर आहे. झालं. ओम दप्तर टाकून खाली धावायचा. वॉचमन बिचारा ओडिशाचा, त्याच्याशी आजवर आम्ही गाडी काढा आणि पार्सल ठेवा यापलीकडे बोललेलो नव्हतो. तो कागदावर नदी काढून दाखवायला लागला आणि गेटवर गाड्या तुंबल्या. पुढच्या आठवड्यात, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या पाच माणसांच्या गावात उन्हाळ्यात सावली कोणत्या झाडाची असते ते लिहा. चौथ्या मजल्यावरच्या मारवाडी आजी खेजडीचं नाव सांगता सांगता रडायला लागल्या, दोन्ही मुलं त्यांच्या घरी पापड खात बसली आणि ट्यूशन बुडाली. मग आलं ते ताटाचं कोडं. आजच्या जेवणातला कोणता पदार्थ सर्वांत लांबून चालत आला. ओमने बटाट्याची भाजी पुढ्यात घेतली आणि बटाटा कुठला ते कळेपर्यंत खाणार नाही म्हणून हटून बसला. माझा नवरा, ज्याने जन्मात कधी भाजीवाल्याला भाव विचारला नाही, तो रविवारी सकाळी भाजीबाजारात "भैया, ये आलू किधर का" विचारत हिंडत होता. बाजाराने त्याला धाडीवर आलेला अधिकारी समजून दोन कोबी फुकट दिले.

आणि पाण्याचं कोडं तर मी मेले तरी विसरणार नाही. तुमच्या न्हाणीघरात येणारं पाणी कोणत्या नदीचं? त्या उन्हाळ्यात आमच्याकडे महिनाभर नळाला थेंब नव्हता. ओमने प्रामाणिकपणे उत्तर दाखल केलं, टँकरचं. मामांचा मला थेट माझ्या नोकरीच्या जागी, बँकेत फोन आला. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि कानाशी मामा, "सूनबाई, तुह्या पोट्ट्याची नदी टँकर हाये. तू तिथं पैसे काय मोजून राह्यली?" मी त्या दिवशी खरंच दोनदा पैसे चुकीचे मोजले.

सुट्टीत बेल्याला गेलो तर तिथेही सुटका नाही. गुडीहत्नूर आलं की फोन यायचाच, कारण तिथून उजवीकडे (मामांच्या भाषेत पूर्वेकडे) इंद्रवेल्लीचा रस्ता फुटतो, आणि मुलांनी त्या फाट्यावर झोपलेलं असता कामा नये हा नियम. बेल्याला पोचलो की मुलांना मोटारसायकलवर मागे बसवून, डोळे बांधून शिवारात फिरवायचं आणि मधेच थांबून विचारायचं, आता नदी कुणीकडे. ओमला पहिल्याच फेरीत उलटी झाली. सानू मात्र डोळे बांधलेले असताना हात उचलून बरोबर नदीकडे दाखवायची. वाऱ्याला ओल लागते म्हणायची. मामांचा चेहरा असा फुलायचा, की मला माझा राग आवरून आत चहा टाकायला जावं लागायचं. खोटं कशाला बोलू, माझी मुलं मराठी वाचायला शिकली ती त्या कोड्यांमुळेच. शाळेत इंग्रजी, तेलुगू, हिंदी. घरी मी दमलेली. पण बुधवारचा कागद वाचायला दोघं उठून बसायची. हे मी मामांना कधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर ते मंगळवारीही पाठवायला लागले असते.

मामांच्या बैठकीच्या भिंतीवर एक कापडी नकाशा होता. आदिलाबाद जिल्ह्याचा, अखंड, जुना. त्या जिल्ह्याची चतुःसीमा, म्हणजे चारी दिशांच्या हद्दी, मुलांना शुभंकरोतीसारखी पाठ होती. उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पश्चिमेला नांदेड. तीन अंगांनी पाणी असलेला जिल्हा दुसरा दाखवा, असं मामा कोणालाही विचारायचे, आणि समोरचा काही बोलायच्या आत नाही म्हणून सांगून टाकायचे. आता, काही वर्षांपूर्वी सरकारने या जिल्ह्याचे चार जिल्हे केले हे तेलंगणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मामांनाही ठाऊक आहे. पण त्यांनी ते रुजू करून घेतलं नव्हतं. कोणी विषय काढला तर म्हणायचे, केलं असंल सरकारनं, मी कुठं मोजलं. निर्मलच्या साडूला पत्र पाठवताना अजून खाली जिल्हा आदिलाबादच लिहायचे. आणि निर्मलचा पोस्टमन भला माणूस, तो ते बरोबर पोचवायचा. त्यामुळे मामांना वाटायचं, बघा, खात्याचंही तेच मत आहे. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, मामा, मुलांच्या पुस्तकात आता नवे जिल्हे आहेत, त्यांना जुनं पढवू नका. त्यावर त्यांनी मला विचारलं, पुस्तक लिहिणारा तिथं पायी गेला होता काय. मी विषय सोडून दिला. तिथेच चुकलं माझं.

गेल्या वर्षी सानूच्या शाळेत सामान्यज्ञानाची मोठी स्पर्धा झाली. तिच्या वर्गाने तिला निवडलं, कारण नद्या आणि माणसांची गावं यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. जिंकणाऱ्याने पुढे शहराच्या फेरीत जायचं होतं. पोरगी महिनाभर त्याच नादात होती. रोज संध्याकाळी मामांना फोन, त्यांची फोनवरच उजळणी, आणि तिला एक लाल पेन हवं म्हणून मामांनी बेल्याहून पार्सलने पाठवलेलं, जसं काही हैदराबादेत पेनं मिळत नाहीत. शेवटच्या फेरीत ती आणि दुसऱ्या वर्गाची एक मुलगी बरोबरीत होत्या. सगळी शाळा सभागृहात. आम्ही पालक मागे. शेवटचा प्रश्न आला. निर्मल, मंचिर्याल, जगित्याल, आदिलाबाद, यांपैकी कोणत्या जिल्ह्याला गोदावरी लागत नाही?

सानू उठून उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, की प्रश्न चुकीचा आहे, चारही जिल्ह्यांना लागते. प्रश्न विचारणाऱ्या सरांनी हसून पुन्हा विचार करायला सांगितलं. ती म्हणाली, विचार करायची गरज नाही, माझ्या मामाआजोबांनी तिथली जमीन साखळीने मोजली आहे. मागून कोणीतरी फिसकन हसलं. सर समजावत होते, वेळ संपली होती, पण ही खाली बसेना. चतुःसीमा म्हणायला लागली. तेव्हा सरांनी मोठ्या पडद्यावर नकाशा लावला. आदिलाबाद वर, एवढंसं. मधे आख्खा निर्मल. आणि गोदावरी पार खाली. सानू त्या पडद्याकडे बघत राहिली. सभागृह हसत होतं. मुलं दुष्ट नसतात, पण चारशे मुलं एकदम हसली की ज्याला हसतात त्याला तो फरक कळत नाही.

त्या दिवसानंतर वर्गात तिचं नाव मामाआजोबा पडलं. घरी येऊन तिने माझ्या फोनमधली सगळी कोडी पुसून टाकली. मामांचा फोन आला तेव्हा ओमने तिच्यापुढे धरला, तर ती म्हणाली, "त्यांना नवा जिल्हा माहीत होता. तरी मला खोटं सांगितलं. मला त्यांच्याशी बोलायचं नाही." हे मामांनी पलीकडून ऐकलं. मग फोन माझ्या हातात आला, आणि बारा वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. रस्त्याकडे तोंड असलेल्या घरापासून टँकरपर्यंत सगळं. तुमच्या हट्टापायी माझ्या पोरीची शोभा झाली, आता एक कोडं पाठवाल तर याद राखा, असंही म्हणाले. सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायला नको होतं हे मला बोलतानाच कळत होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोणाकोणासमोर झालं?" मी म्हटलं, सगळ्या शाळेसमोर. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. तो बुधवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. ओम पाच वाजता उठून माझा फोन बघायचा आणि परत झोपायचा. सानू बघायचीही नाही. माणसाकडे एकुलते एक दोन विद्यार्थी, त्यातला जो खरा तोच हातचा गेला होता. मला त्यांची कीव येत होती आणि रागही जात नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दारात मामा उभे. बेल्याहून आदिलाबाद, तिथून बसने हैदराबाद. काखेत बैठकीतला नकाशा गुंडाळलेला आणि हातात शाळेच्या नावाने लिहिलेली दरखास्त. म्हटलं, झालं, आता हे शाळेत जाऊन भांडणार. मी दरखास्त वाचायला मागितली तर म्हणाले, ती ज्याच्या नावे आहे त्यालाच दाखल होईल. सानू शाळेतून आली, त्यांना बघितलं, पाया पडली, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रात्रीच्या जेवणाला मामांनी ठेचा मागितला नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर शाळेत गेले. वाटेत मनातल्या मनात प्राचार्यांची माफी मागून ठेवली होती.

प्राचार्यांनी दरखास्त वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि शिपायाला पाठवून त्या प्रश्न विचारणाऱ्या सरांना बोलावून घेतलं. सगळी शाळा गोळा करता येणार नाही, पण सानिकाच्या वर्गात भूगोलाचा तास चालू आहे, तिथे चला, म्हणाल्या. तिथे जाईपर्यंत दरखास्तीत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

वर्गात मामांनी फळ्यावर नकाशा टांगला. सानू तिसऱ्या बाकावर, मान खाली. मागून कोणीतरी मामाआजोबा असं कुजबुजलं, तर मामांनी तिकडे बघून मान हलवली, हो, तोच मी. मग आपल्या त्या हैदराबादी वळणाच्या हिंदीत मुलांना सांगितलं, की मोजणीत एक रिवाज असतो. रेघ चुकली तर खोडायची नाही, खरवडायची तर मुळीच नाही. ज्याने चुकवली त्यानेच ती लाल शाईने छेदायची, जुनी रेघ खाली दिसत राहिली पाहिजे, शेजारी सही करायची, आणि ज्यांच्यासमोर चुकली त्यांच्यातले दोन पंच सहीला घ्यायचे. अडतीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या पुष्कळ चुका छेदल्या, माझ्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली, म्हणाले. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि सरांना विनंती केली, की शाळेचा नकाशा बघून हद्द कुठून कुठे जाते ती मोठ्याने वाचा.

सर गावांची नावं वाचत गेले आणि मामा रेघ ओढत गेले. रेघ पुढे सरकली तसं एकेक बाहेर गेलं. आसिफाबाद गेलं. त्याच्याबरोबर वर्धा आणि प्राणहिता गेल्या. मंचिर्याल गेलं. निर्मल गेलं. आणि खाली ती लांबलचक निळी गोदावरी गेली. ज्या गावांतून हा माणूस उन्हातान्हात पायी फिरला होता, जिथल्या एकेका बांधावरून त्याने मारामाऱ्या सोडवल्या होत्या, ती त्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या जिल्ह्यातून काढली. वर्गात कोणी हसलं नाही. रेघेच्या शेजारी त्यांनी लिहिलं, दुरुस्ती, चूक माझी, आणि सही केली. पहिला पंच म्हणून सरांनी सही केली. मग मामा तिसऱ्या बाकाकडे वळले आणि मराठीत बोलले. वर्गात ते समजणारे आम्ही तिघंच होतो.

"सानू, तू खोटी नव्हती. नकाशा जुना होता. अन् मले मालूम होतं, तरी मी तो तुह्या हातात देल्ला. काऊन देल्ला, तर आपला जिल्हा एवढासा झाला हे पोरीले सांगाची मले लाज वाटत होती."

सानू उठली. फळ्यापाशी आली, गावागावावरून रेघ तपासत गेली. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, इथे एक गाव चुकून बाहेर राहिलंय. मामांनी वाकून पाहिलं, शाळेच्या नकाशाशी ताडून बघितलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने रेघ दुरुस्त केली, दुसरा पंच म्हणून सही केली, पेन परत दिलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

शनिवारी आम्ही मामांना सोडायला बेल्याला निघालो. नवरा गाडी चालवत होता, मामा पुढे, आम्ही तिघं मागे. दोन दिवसांत सानू त्यांच्याशी गरजेपुरतं बोलली होती, पाणी हवं का, पंखा लावू का, एवढंच. मला वाटलं होतं, वर्गातल्या त्या प्रकारानंतर सगळं सुरळीत होईल. तसं होत नाही. गोदावरीचा पूल आला. या पुलावर मामांचं एक ठरलेलं असायचं. बस असो, जीप असो, नाहीतर आमची गाडी, चाक पलीकडे टेकलं की ते मोठ्याने म्हणायचे, आला आपला जिल्हा. त्यांनी सवयीने मान वर केली, घसा खाकरला, आणि गप्प बसले. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं. ते खिडकीतून बघत राहिले. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

निर्मल मागे पडलं. चढ लागला, सागाचं जंगल सुरू झालं. ओम झोपला होता. अचानक सानू म्हणाली, "बाबा, गाडी थांबवा." रस्त्याच्या कडेला जिल्ह्याची पाटी होती, तेलुगूत आणि इंग्रजीत. आम्ही इथून शेकडो वेळा गेलोय, मी ती पाटी कधी पाहिली नव्हती. मामांनीही पाहिली नसावी, पाहायचीच नव्हती त्यांना. सानू उतरली, पुढचं दार उघडलं आणि मामांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं. पाटीच्या पलीकडे नेऊन उभं केलं. मी मागोमाग उतरले. ती म्हणाली, "मामाआजोबा, आता म्हणा."

मामा उभे राहिले. म्हणाले, पण मोठ्याने नाही, जेमतेम ऐकू येईल इतकंच. आला आपला जिल्हा. मग वळून दक्षिणेकडे बघायला लागले. तिकडे झाडंच होती नुसती. मला रडू फुटलं आणि ते मी लपवलंही नाही. या माणसाने माझ्या मुलांना शेकड्यांनी प्रश्न विचारले असतील, आणि प्रत्येकाचं उत्तर आधी खिशात ठेवून मगच विचारले. त्यांनी आता जे विचारलं ते त्यातलं नव्हतं.

"नदी किती मांगं राह्यली व, सानू?"

सानूला ते ठाऊक होतं. पुलापासून गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यावर तिची नजर होती, मी पाहिलं होतं. तिने मामांचा हात सोडला नाही. हैदराबादेत जन्मलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली माझी मुलगी अगदी त्यांच्याच बोलीत म्हणाली, "लई नाई, मामाआजोबा. जवळच हाये."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग बरं म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. नेमकी किती, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.